जुन्या रायफलीची निगा आणि तिचा दोष

डच सैन्याने 1871 मध्ये स्वीकारलेली बोमाँ रायफल एका वेळी एकच काडतूस घेत असे. 1888 पासून तिच्या पोटाशी इटालियन विताली पद्धतीची चार काडतुसांची पेटी बसवली गेली आणि त्याच रायफली पुन्हा सैनिकांच्या हाती गेल्या. आज अशी एखादी रायफल दुरुस्तीला येते तेव्हा तिला कोणत्या रूपात परत न्यायचे, हे आधी ठरवावे लागते. पेटी काढून 1871 चे रूप आणले तर रायफल ‘मूळ’ दिसेल खरी, पण 17 वर्षांनंतर सैन्याने तिच्यावर जे केले ते पुसले जाईल. डच ईस्ट इंडीजमध्ये गेलेल्या 1895 च्या मॅनलिखर रायफलींची गत याहून गुंतागुंतीची आहे. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर त्यांतल्या अनेक रायफली .303 काडतुसासाठी बदलण्यात आल्या. नळीही बदलली आणि धनीही बदलला.

नुसत्या निगेबद्दल फारसा वाद नाही. जुन्या काडतुसांच्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचे क्षार नळीत उरतात, हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पोलाद खातात. नेदरलँड्सच्या दमट हवेत हे फार लवकर होते. म्हणून नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तिला तेलाचा हात देतात. दस्त्याचे लाकूड जवसाच्या तेलावर टिकते. वाद सुरू होतो तो दस्ता तासायला घेतला की. चरे जातात, लाकूड उजळते, आणि त्याबरोबर कारखान्याचा शिक्का आणि कुणा सैनिकाने कोरलेली अक्षरेही जातात. संग्रहालयांचा दंडक असा की झीज थांबवावी, झालेली झीज लपवू नये, आणि जे करावे ते पुढच्याला काढून टाकता यावे. हा दंडक योग्यच आहे.

नेमबाजाची गरज मात्र निराळी असते. डच कायद्याने रायफल बाळगायला पोलिसांचा परवाना लागतो आणि तो टिकवायला वर्षातून किमान 18 वेळा नेमबाजी करावी लागते. बोल्ट झिजला असेल तर बदलण्यावाचून गत्यंतर नाही, कारण सैल बोल्टची रायफल चालवणाऱ्याच्याच तोंडावर फुटू शकते. या बाजूला ॲरिस्टॉटलचा आधार आहे. ज्या डोळ्याला दिसत नाही तो केवळ नावाचा डोळा, असे तो म्हणतो; वस्तूचे वस्तुपण त्याच्या मते तिच्या कार्यात असते. हे मानले, तर युरोपीय संघाच्या 2016 पासून लागू झालेल्या नियमांनुसार कायमची निकामी केलेली रायफल ही केवळ नावाची रायफल ठरते. पण हे कार्य गोळी झाडण्याचे आहे, आणि दुसरा प्रश्न इथेच उभा राहतो: ते जिवंत ठेवणाऱ्याला दोष लागतो का?

हॉलंडमध्ये घडलेला तत्त्वज्ञ स्पिनोझा ‘नाही’ म्हणेल. चांगले आणि वाईट हे वस्तूंचे अंगभूत गुण नव्हेत, माणूस तुलनेने ते ठरवतो, असे त्याचे ‘एथिक्स’मधले प्रतिपादन आहे. या हिशेबाने पोलाद निर्दोष; बरेवाईट ठरवतो तो माणूस. याच्या उलट टोकाला मेनोनाइट उभे आहेत. फ्रिसलँडचा धर्मगुरू मेनो सिमन्स याने 1536 मध्ये चर्च सोडले. त्याचे नाव घेणाऱ्या या पंथाने शस्त्र न धरण्याचे व्रत घेतले. डच ईस्ट इंडिया कंपनी तोफांच्या जोरावर व्यापार करू लागली तेव्हा काही मेनोनाइटांनी तिच्यातले आपले भांडवल काढून घेतले. तोफ त्यांनी डागली नव्हती; नफ्यातला वाटा म्हणजे हिंसेतला वाटा, एवढे त्यांना पुरेसे होते. झान नदीकाठी त्यांची मोठी वस्ती होती, आणि मॅनलिखर घडवणारा हेमब्रुग हा सरकारी शस्त्रकारखाना पुढे त्याच झानडममध्ये उभा राहिला.

शस्त्राशी श्रद्धेचे नाते मराठी मनाला नवे नाही. खंडेनवमीला शस्त्रे पुसून पुजली जातात, आणि पांडवांनी शमीवर ठेवलेली आयुधे पुन्हा उतरवण्यासाठीच ठेवली होती. डच रायफलीला कुणी पुन्हा युद्धात नेणार नाही. तिची निगा साक्षीसाठी आहे. ही साक्ष दुहेरी आहे. मे 1940 मध्ये ग्रेबेबर्गच्या टेकडीवर जर्मनांना रोखणाऱ्या डच शिपायांच्या हाती मॅनलिखर होती. वसाहतीतल्या डच फौजांकडेही तीच होती, आणि 1906 मध्ये बालीच्या बादुंग राज्यात राजघराण्यासह मरणाला सामोरे गेलेल्या लोकांवर याच फौजांनी गोळ्या झाडल्या. लख्ख घासून नवी केलेली रायफल यातले काहीच सांगत नाही. म्हणून अति दुरुस्ती हा केवळ रसिकतेचा दोष नाही, तो सत्याशी केलेला अपराध आहे.

दोष वस्तूत नसतो हे स्पिनोझाचे म्हणणे मान्य करूनही मेनोनाइटांचा वाट्याचा हिशेब टाळता येत नाही. 9 एप्रिल 2011 रोजी आल्फन आन दे राइन इथल्या बाजारसंकुलात एका परवानाधारकाने सहा जणांना ठार केले. त्याची शस्त्रे जुनी लष्करी नव्हती, पण प्रश्न तोच होता. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवले की ज्याला परवाना द्यायलाच नको होता त्याला तो दिल्याबद्दल पोलीस नुकसानभरपाईला जबाबदार आहेत. चाप न ओढणाऱ्यावरही उत्तरदायित्व येते, हे इथे कायद्यानेच मानले. जुनी रायफल चालती ठेवणाऱ्या कारागिरालाही हेच लागू पडते. तिचा जाब द्यायला माणूस असेल तरच तिचा बोल्ट दुरुस्त करावा. नसेल तर गंज थांबवून तिला संग्रहालयात द्यावे. दोन्ही वेळी काढलेला भाग टाकू नये आणि काय बदलले ते लिहून ठेवावे.