एका तारवातील नवराबायको

आपण सोनईकर काळ्या रानाचे लोक. समुद्र पुष्कळांनी पाहिलेला नाही. तरी प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८, ओवी १८ वाचताना आपणांस तारवात बसावे लागते. पौल किंख्रिया बंदरातून निघाला, तेव्हा त्याजबरोबर अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे दांपत्य होते. धंदा तंबू करण्याचा. वाटेत शीड फाटले असेल तर सुई कोणी धरली, हे शास्त्र सांगत नाही. मला मात्र संशय नाही. पौल इफिसाहून पुढे गेला, ही दोघे तेथेच राहिली, आणि विद्वान अपुल्लोस दोघांनी मिळून शिकविले.

आता आपल्या किनाऱ्यावरील गलबत पाहा. सन १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल व रोक्साना नॉट हे दांपत्य मुंबईस पोहोचले. कंपनी सरकार त्यांस विलायतेस धाडणार असे दिसताच, त्याच वर्षी हॉल व नॉट गुपचूप देशी गलबतात चढून किनाऱ्याने कोचीनपर्यंत गेले. तेथून त्यांस परत आणण्यात आले. नॉटबाई मुंबईसच मागे राहिल्या होत्या. गलबतातील दोघांस निदान वारा तरी होता. मागे राहिलेलीस नुसती वाट पाहणे.

उपदेशक बंधूंनो, मीही एकदा "तू मुलांकडे पाहा" एवढेच बोलून घोडेगावच्या फिरतीस निघालो. तेथे ऐकावयास तीन माणसे आली. परतलो तो ओसरीवर सात बाया मार्काचे शुभवर्तमान वाचीत बसलेल्या, आणि शिकविणारी घरचीच.