भूमीचे स्वामित्व आणि राजसत्तेची मर्यादा

माणसाची जमीन त्याच्या संमतीवाचून घेण्याचा अधिकार राजसत्तेला आहे काय, हा प्रश्न आधुनिक कायद्याच्या कितीतरी आधी धर्मशास्त्राने हाताळला. त्या विचाराचे एक पीठ बिदर जिल्ह्यातील हुमनाबादजवळच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात होते. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या कारकिर्दीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ येथे रचली. त्याच्या मते स्वामित्व लौकिक आहे; ते लोकव्यवहारातून सिद्ध होते. यावरून असे म्हणता येते की, जे राजाने दिलेले नाही ते केवळ राजाच्या इच्छेने जाऊही नये.

मीमांसकांनी हाच प्रश्न विश्वजित यागाच्या निमित्ताने विचारला. या यागात यजमान सर्वस्व दान करतो. मग राजाने राज्यातील भूमीही दान करावी काय? जैमिनीचे उत्तर नकारार्थी आहे, कारण भूमीशी सर्वांचा संबंध सारखाच. पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूखा’त हे अधिक स्पष्ट केले: जिंकलेल्या मुलखातही राजाला कर मिळतो, शेताची मालकी शेतकऱ्याचीच राहते. मनुस्मृती राजाला भूमीचा अधिपती म्हणते, पण त्याचा वाटा रक्षणाच्या कर्तव्याशी जोडते.

तरीही खासगी मालकी निरंकुश नाही. हैदराबाद संस्थानात १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. जहागीर हा मुख्यतः महसुलावरचा, सत्तेने बहाल केलेला हक्क होता. कसणाऱ्याची जमीन काढून घेण्याशी त्याची बरोबरी होत नाही. त्याच राज्यातील पोचमपल्लीत १८ एप्रिल १९५१ रोजी विनोबांनी भूदानाचा आरंभ केला आणि सक्तीऐवजी स्वेच्छेने दिलेल्या दानाचा मार्ग दाखवला.

१९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क संपला. कलम ३००अ नुसार आता कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता घेता येत नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्याची जागा २०१३ च्या कायद्याने घेतली. त्यात सामाजिक परिणामांचे मूल्यांकन, पुनर्वसन आणि वाढीव मोबदला आला. खासगी कंपन्यांसाठी जमीन घेताना ८० टक्के, तर सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती आवश्यक ठरली. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पांना मात्र संमतीची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये याविषयी दोन निर्णय दिले. नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक हेतू आणि रास्त मोबदला ही कलम ३००अ चीच अंगे असल्याचे मे महिन्यात सांगितले. नोव्हेंबरमध्ये, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असा निर्वाळा दिला.

या तत्त्वांची कसोटी प्रत्यक्ष गावात लागते. बिदर जिल्ह्यात कारंजा नदीवरील धरणाने रानाला पाणी दिले. पण बुडीत क्षेत्रात जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांना वाढीव मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलन करावे लागले. २०१७ मध्ये हुमनाबादमार्गे बिदर–कलबुर्गी रेल्वे धावू लागली. धरण आणि रेल्वे दोन्ही लोकहिताची आहेत, याविषयी शंका नाही. पण ज्याची काळी आई गेली, त्याचा त्याग सक्तीचा असतो आणि लाभ मात्र इतरांना मिळतो. म्हणून लोकहिताच्या नावाने जमीन घेणाऱ्या सत्तेने हेतू आधी सिद्ध करावा, मालकाचे ऐकावे आणि ताबा घेण्यापूर्वी पूर्ण मोबदला द्यावा. रक्षणाचे कर्तव्य पाळणाऱ्या सत्तेलाच हा अधिकार शोभतो. एरवी जमीन घेणे हे केवळ अपहरण ठरते.