विद्यावेतनातील विद्या

काही सरकारी शब्द असे असतात की, ते घडविणाऱ्यांनी नकळत त्यांत एक नीतिविचार ठेवून दिलेला असतो. 'शिकाऊ उमेदवार' आणि 'विद्यावेतन' हे असेच दोन शब्द. शिकाऊ म्हणजे जो शिकत आहे तो. उमेदवार म्हणजे मनात उमेद बाळगणारा. त्याला दरमहा जे मिळते ते नुसते वेतन नव्हे. विद्या घेत असताना निर्वाहासाठी दिलेली ती रक्कम होय. बजाजनगरच्या गल्ल्यांतून कुटुंबांच्या भेटीगाठी घेताना हे शब्द आमच्या मनात वारंवार येतात.

1985 साली वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. भोवतालची औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील तरुण येथे भाड्याच्या खोल्यांतून राहू लागले. आयटीआय किंवा पदविका झाली की वर्षभर 'अप्रेंटिस' म्हणून राबायचे, ही रीत आपल्या ख्रिस्ती घरांतही रुळली आहे. ह्या वर्षात कारखाना त्या मुलाचे काय देणे लागतो, हा प्रश्न आम्हाला येथे विचारावयाचा आहे.

एका तरुणाचा अनुभव सांगतो. आयटीआयमधून फिटरचे प्रशिक्षण घेऊन तो एका कारखान्यात गेला. पहिले तीन महिने झाडलोट आणि ट्रे वाहण्यात गेले. पुढे त्याला एका प्रेसवर उभे केले. पत्रा ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणे दाबायची, जॉब उचलायचा. पाळीमागून पाळी हेच काम. डाय कशी बसवितात, ती कोणी सांगितली नाही, विचारले तर "तुला काय करायचंय?" असे उत्तर मिळे. मात्र त्याच विभागात निवृत्तीला आलेले एक सुपरवायझर होते. पाळी सुटल्यावर अर्धा तास थांबून त्यांनी त्याला मायक्रोमीटर नीट वाचायला आणि ड्रॉइंगवरून जॉब तपासायला शिकविले. वर्ष संपले, नोकरी मिळाली नाही. "फादर, वर्षभरात जे शिकलो ते त्या अर्ध्या अर्ध्या तासात," असे तो म्हणाला.

कायदा ह्या बाबतीत मुका नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाने शिकाऊला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानले आहे. कारखान्यातील आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदी आणि इजेची भरपाई त्यालाही मिळते. परंतु कामगारविषयक कायदे सर्वसाधारणपणे त्याला लागू होत नाहीत. 2019 साली त्याचे किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा 5000 ते 9000 रुपये असे ठरले. मालकाला ही सवलत कशासाठी? तो शिकवितो म्हणून. मालकाने प्रशिक्षण द्यावे आणि शिकाऊने मन लावून, चिकाटीने शिकावे, अशी दोघांची कर्तव्ये त्याच कायद्यात घातली आहेत. तेव्हा विद्या वगळून केवळ काम करून घेतले, तर सवलतीचा आधारच नाहीसा होतो. मग मुलगा शिकाऊ राहत नाही आणि कामगारही ठरत नाही. त्याच्या वाट्याला दोन्हींकडची उणी बाजू येते.

कोणी म्हणेल, कारखाना म्हणजे काही धर्मादाय शाळा नव्हे. नवख्या हातून माल वाया जातो, यंत्र अडते, शिकविणाऱ्याचा वेळ जातो. हे खरे आहे. वेळेवर येणे, दिवसभर उभे राहणे, चार माणसांत मिळून काम करणे, हेही शिक्षणच आहे, हेही खरे. पण एवढ्यासाठी वर्ष लागत नाही. झाडू मारण्यात कमीपणा नाही. झाडूखेरीज दुसरे काही हाती न देण्यात अन्याय आहे. पैसा बुडाला तर पुढे भरून काढता येतो. विसाव्या वर्षीचे शिकण्याचे वर्ष परत मिळत नाही.

संत योहानच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो की, पुत्र पित्याला जे करताना पाहतो तेच करतो, आणि पिता प्रीतीमुळे त्याला सर्व काही दाखवितो. ह्या वचनामागे बापाच्या हाताखाली धंदा शिकणाऱ्या मुलाचे चित्र आहे, असे काही बायबलपंडितांना वाटते. नासरेथच्या सुताराच्या घरात हे चित्र परके नव्हते. दाखविणे हे येथे प्रीतीचे लक्षण ठरते. मग हाताखालच्या पोरापासून कसब लपविणे कशाचे लक्षण म्हणावे?

संत जॉन बॉस्को ह्यांनी ही गोष्ट कागदावर आणली. 8 फेब्रुवारी 1852 रोजी तुरीन येथे त्यांनी एका सुतारकामाच्या मालकाशी आपल्या एका मुलासाठी लेखी करार केला. मुलाला त्याच्या धंद्याचेच काम द्यावे, चूक झाल्यास शब्दांनी सुधारावे, हात उगारू नये, सणाचे दिवस मोकळे ठेवावेत, अशा अटी त्यात होत्या. करारावर मुलाच्या वडिलांचीही सही होती. पुढे 1981 मध्ये परमगुरूस्वामी जॉन पॉल दुसरे ह्यांनी श्रमावरील आपल्या परिपत्रकात काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हे तत्त्व मांडले. बॉस्कोंच्या करारातील प्रत्येक अटीत हेच तत्त्व दिसते.

करारावरील वडिलांच्या त्या सहीकडे आम्ही पालकांचे लक्ष वेधू इच्छितो. मुलगा कामावरून परतला की आपण विचारतो, "किती देतात? पर्मनंट करतील का?" चिंता स्वाभाविक आहे. पण "आज काय शिकलास?" हेही विचारले पाहिजे. तीन महिने उत्तर मिळाले नाही, तर करारनामा काढून वाचावा. आयटीआयमधील निदेशकांना किंवा शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या कार्यालयात भेटावे. लाजण्याचे कारण नाही. आपण भीक मागत नाही, ठरलेली विद्या मागत आहोत. शिकाऊ मुलांनीही मोबाइलमध्ये डोके घालून जेवणाची सुट्टी घालवू नये. शेजारच्या यंत्रावरील काकांना विचारावे. दहांपैकी एखादा तरी दाखवितोच.

आपल्या धर्मग्रामांत कारखान्यांतून वीस-तीस वर्षे काढलेले अनेक फिटर, टर्नर, सुपरवायझर आहेत. मिस्सानंतर रविवारचा एक तास त्यांनी ह्या मुलांना दिला, तर त्यासाठी ना इमारत लागेल ना वर्गणी. आपल्या हातातील कसब कोणीतरी आपल्यालाही दाखविले होते, आणि ते पुढे दाखविल्याशिवाय ते ऋण फिटत नाही.