शौच, लाज आणि संमती

शौचावर ताबा येण्याचे वय उलटून गेल्यावरही तो न येणे, म्हणजेच मलनियंत्रणाचा अभाव, हा विकार मुलाच्या जिवावर क्वचितच बेततो. मात्र शाळा, खेळ आणि मैत्री यांतला त्याचा सहज वावर तो हिरावून घेतो. गुदद्वाराची जन्मजात सदोष रचना, जी साधारणपणे ५,००० जन्मांमागे एका बालकात आढळते, किंवा गर्भावस्थेत पाठीचा कणा पुरता न मिटल्याने अधू राहिलेल्या नसा, ही त्याच्या शारीरिक कारणांपैकी दोन होत. अपेंडिक्सचे तोंड पोटाच्या त्वचेशी जोडून तेथून मोठ्या आतड्यात पाणी सोडण्याची शस्त्रक्रिया ब्रिटनमधील शल्यविशारद मॅलोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केली, आणि आज रुळलेला हा उपचारही आरंभी काही मुलांवरचा प्रयोगच होता. माकडहाडाच्या वरच्या भागातील नसांना सौम्य विद्युत्‌प्रवाह देणारे उपकरण अमेरिकेत २०११ मध्ये या विकाराच्या प्रौढ रुग्णांसाठी मंजूर झाले. मुलांच्या बाबतीत त्याच्या गुणाचा आणि धोक्याचा पडताळा अद्याप अपुरा आहे.

असा अपुऱ्या पडताळ्याचा उपचार मुलावर करण्याचा अधिकार पालकांना कोठून मिळतो? प्रॉटेस्टंट नीतिचिंतक पॉल रॅम्झी यांनी १९७० मध्ये प्रतिपादन केले, की संमती देऊ न शकणाऱ्या मुलाला त्याच्या स्वतःच्या हिताखेरीज अन्य हेतूने प्रयोगात गोवणे, त्यात धोका नसला तरी, अनुचितच होय. उलट जेझुइट विचारवंत रिचर्ड मकॉर्मिक यांनी १९७४ मध्ये असे मांडले, की मूलही समाजाचा घटक असल्याने धोका नगण्य असेल तेथे इतरांच्या हितातला अल्प वाटा उचलणे त्याला उचितच वाटले असते, असे गृहीत धरून पालक होकार देऊ शकतात. येथे उपचार मुलाच्याच हितासाठी असल्याने रॅम्झींची अट वरवर पुरी होते. पण ते हित प्राणरक्षणाचे नसून प्रतिष्ठेचे आहे, आणि ती प्रतिष्ठा विकाराइतकीच भोवतालच्यांच्या किळसेने हिरावली जाते. पतंजलींच्या पाच नियमांतील पहिला नियम म्हणजे ‘शौच’, अर्थात शुचिता. मराठीत तोच शब्द मलविसर्जनालाही लागतो, आणि त्यामुळे शरीराची उणीव चारित्र्याचा डाग भासू लागते.

म्हणूनच लाज कोणाची, हे आधी तपासावे लागते. जो उपाय मागे घेता येतो तो आधी करावा, आणि मुलाला विचारावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही संशोधनासाठी सातव्या वर्षापासून पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा होकार अपेक्षितात. मुलाचा त्रास हलका करण्यासाठी पत्करलेला मोजका धोका समर्थनीय ठरतो. वडीलधाऱ्यांची लाज झाकण्यासाठी मुलाच्या शरीरावर लादलेला धोका ठरत नाही.