मांसाहार सोडावा काय?

गेल्या नाताळात कुकडीकाठच्या एका लहान मंडळीत आम्ही उपासनेसाठी गेलो होतो. उपासना आटोपल्यावर रीतीप्रमाणे प्रीतिभोजन झाले. बकऱ्याचे कालवण, बाजरीची भाकरी व भात असा बेत होता. पंगतीत पिंपरीकडील एका कारखान्यात नोकरीस असलेला, त्याच गावचा एक तरुण बंधू बसला होता. वाढप्याने पातेले पुढे आणताच त्याने हात आडवा करून नम्रपणे म्हटले, "मी मांस सोडले आहे, पिठले असेल तर चालेल." त्याची आजी समोरच बसली होती. कालवण तिनेच रांधले होते. ती म्हणाली, "आता माझ्या हातचं बी नको का रं तुला? बामन झालास व्हय?" पंगतीत हशा पिकला, आणि सांगावयास खेद वाटतो की, त्या हशात आम्हीही सामील झालो. तरुण खाली मान घालून कोरडी भाकरी खात राहिला.

जुन्नरकडे परत येताना सोबतच्या उपदेशक बंधूंनी आम्हांस विचारले, "पाळकसाहेब, तो पोरगा चुकला की आपण चुकलो?" त्या वेळी आम्हांस उत्तर देता आले नाही. त्यानंतर या गोष्टीवर जो विचार केला, तो वाचकबंधुभगिनींपुढे ठेवीत आहो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, आपल्या देशात अन्नाचा प्रश्न निव्वळ पोटाचा कधीच नव्हता. कोण काय खातो यावरून तो उच्च की नीच हे ठरविण्यात आले. मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम ज्यांच्या माथी मारले, त्यांस पोटभर धान्य मिळू दिले नाही. आणि भुकेपोटी त्यांनी त्याच ढोराचे मांस खाल्ले म्हणून त्यांसच हिणविले. म्हातारीच्या बोलण्यात हा सारा इतिहास होता. नातवाने पाने फिरविलेले कालवण तिला आपल्या कुळाचा अव्हेर वाटले. तिला हसण्यावारी नेणे जितके चूक, तितकेच त्या तरुणास हसणे चूक होते.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. 1927 च्या मार्च महिन्यात महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या समाजास मेलेल्या जनावराचे मांस व उष्टे-शिळे तुकडे सोडून देण्यास सांगितले. सवर्णांच्या पंक्तीस बसण्याची लालसा त्यामागे नव्हती. माणूस म्हणून ताठ उभे राहावे, हा हेतू होता. पुष्कळ घरांनी ते अन्न सोडले, आणि त्याबरोबर लाचारीही सोडली. तेव्हा एखादे अन्न सोडणे हे प्रत्येक वेळी सोवळेपणाचे लक्षण असते, असे नाही. तेच सोडणे एकाच्या ठिकाणी गर्व असू शकते, तर दुसऱ्याच्या ठिकाणी मुक्तता.

आपल्या पुणे जिल्ह्यातीलच आणखी एक उदाहरण पाहा. पंडिता रमाबाई (1858–1922) यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी मांसाहार केला नाही. ज्यांच्या आश्रयाने त्या तेथे राहत होत्या त्यांस शंका आली की, हा जुन्या जातीचा अभिमानच अजून उरला आहे. रमाबाईंनी आपला विवेक त्यांच्या हाती दिला नाही. पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुली त्यांनी केडगावास आणिल्या, व मुक्ती सदनात जातपात न पाहता त्यांस पोटाशी धरले. जिने मांस खाल्ले नाही, तिने कोणास विटाळही मानला नाही. यावरून आम्हांस एक कसोटी सापडते. तुझ्या सोडण्याने तुझ्याशेजारी बसलेला मनुष्य खाली ढकलला जातो काय? जात असेल, तर ते सोडणे पाप होय. नसेल, तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही.

शास्त्राचेही म्हणणे याहून निराळे नाही. याफो येथे पेत्रास जो दृष्टांत झाला, त्याने अन्नाच्या विटाळाची भिंत पडली. मांसाने मनुष्य अशुद्ध होतो, हे आपण मानीत नाही व मानणारही नाही. प्रेषित पौलाने रोमकरांस बजाविले की, खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ मानू नये व न खाणाऱ्याने खाणाऱ्यास दोष लावू नये. पण तोच पौल करिंथकरांस लिहितो की, आपल्या खाण्याने भावाची हानी होत असेल तर आपण मांसाला शिवणारही नाही. म्हणजे प्रश्न विटाळाचा नसून भावाच्या हिताचा आहे. तर मग आज आपल्या खाण्याने कोणाची हानी होते काय, एवढेच पाहावयाचे राहिले.

आधी आपल्या देहाचा विचार करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली असे जाहीर केले की, खारवून, धुरवून किंवा रसायने घालून टिकविलेले मांस हे कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत मोडते. आणि बकरे, गुरे, डुक्कर यांचे तांबडे मांस बहुधा तसे असावे. टिकविलेले मांस रोज पन्नास ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे शेकडा 18 ने वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. आपल्या खेड्यांत डब्यातले मांस फारसे येत नाही, हे खरे. परंतु पूर्वी जत्रेस, लग्नास व सणास शिजणारे मटण आता दर आठवड्यास, आणि तेलाच्या तवंगाखाली शिजू लागले आहे. अंगमेहनत कमी झाली. रक्तदाब व मधुमेह गावोगाव पोहोचले. आम्हांसही वैद्यांनी याच कारणास्तव ताकीद दिलेली आहे. म्हणून हे दुसऱ्यास शिकविण्याच्या तोऱ्यात आम्ही लिहीत नाही.

तथापि येथे मोठी सावधगिरी पाहिजे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या दर शंभर भारतीय स्त्रियांपैकी 57 जणींस रक्तक्षय आढळला. ज्या घरात डाळ पातळ व दूध विकावयास जाते, तेथे आठवड्याचे अंडे किंवा ओढ्यातले चार मासे व खेकडे हेच बळ असते. ब-12 नावाचे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. ते दूध, अंडी, मासे व मांस यांतूनच मिळते. आंबेगाव व जुन्नरच्या पश्चिमेकडील डोंगरी गावांसारख्या आदिवासी भागांसाठी सरकारने अमृत आहार योजना काढली. तीत अंगणवाडीतून गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांस एक वेळचे चौरस जेवण आणि मुलांस अंडी किंवा केळी देण्याची तजवीज आहे, ती याच गरजेपोटी. अशा मातेस किंवा बालकास जो मांस-अंडे सोडण्याचा उपदेश करील, तो धर्माच्या नावाने अधर्म करील. ज्याचे ताट भरले आहे त्याने एक पदार्थ कमी करणे निराळे, आणि ज्याचे ताटच रिते त्याच्यापुढून तो उचलणे निराळे.

आता सृष्टीकडे वळू. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन नावाचा वायू तयार होतो. तो हवेत गेला म्हणजे सूर्याची उष्णता कोंडून धरतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने 2013 साली हिशेब मांडला की, मनुष्याच्या करणीने जे तापविणारे वायू निघतात, त्यांपैकी शेकडा साडेचौदा पशुपालनामुळे निघतात. पश्चिमेकडील श्रीमंत देशांत गुरे पोसण्यासाठी रान तोडतात व माणसाच्या तोंडचे धान्य जनावरास घालतात. अमेरिकेत माणशी वर्षास सुमारे शंभर किलो मांस खपते. आपल्या देशात दहा किलोही नाही. तेव्हा या पापाचा मोठा वाटा आपला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

पण म्हणून आपण हात झाडून मोकळे झालो काय? 2019 च्या पशुगणनेत आपल्या देशात गाईबैल 19 कोटींवर, म्हशी सुमारे 11 कोटी, शेळ्या सुमारे 15 कोटी व कोंबड्या 85 कोटी मोजल्या गेल्या. गाईम्हशी मुख्यत्वे दुधासाठी पाळतात; म्हणून मांस न खाता दूध-तूप खाणाऱ्याने आपण या हिशेबातून सुटलो असे समजू नये. बांधावरचा पाला व बाभळीच्या शेंगा खाऊन वाढणारी शेळी माणसाच्या वाट्याचे धान्य घेत नाही. परंतु मोकाट सोडली तर डोंगरावरील कोवळे रोप ती उरू देत नाही. उलट मोठ्या शेडमधील कोंबडी मका व सोयाबीन खाऊन सुमारे सहा आठवड्यांत बाजारास जाते. एवढे पक्षी एकत्र कोंबले म्हणजे रोगास घरच मिळते. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. कोलिस्टिन हे माणसाचे अखेरचे औषध कोंबड्यांच्या खाद्यात पडू लागले होते. 2019 साली सरकारला ते बंद करावे लागले. मेलेले पक्षी ओढ्यात किंवा रस्त्याकडेस टाकले म्हणजे तेथे कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. जुन्नर-आंबेगावच्या लोकांस बिबट्याची गोष्ट अधिक सांगावयास नको. माणिकडोहच्या निवारा केंद्रातील पिंजरे ती सांगतच आहेत.

मात्र बिबट्या गावात आला तो मांसाहारामुळे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज व पिंपळगाव जोगे ही धरणे झाली, पाणी खेळले, ऊस उभा राहिला. त्या उसात बिबट्याने घर केले. ऊस थोड्या जमिनीवर उभा राहून महाराष्ट्राच्या कालव्यांचे फार मोठे पाणी पितो. म्हणजे शाकाहारी मनुष्याच्या चहातील साखरही या सृष्टीवर भार घालते. ज्याने मटण सोडले त्याने साखर, पाणी, पेट्रोल यांचाही हिशेब ठेवावा. एक वस्तू सोडून निर्मळ झालो असे मानणे, हाही जुन्या सोवळ्याचाच नवा प्रकार होय.

कोणी म्हणेल, "मग कायद्यानेच सर्वांचे मांस बंद करावे." आमच्या राज्यात गाईचा वध 1976 च्या कायद्याने, आणि बैल व वळू यांचा 2015 च्या दुरुस्तीने बंद झाला. कायदा पाळणे आपले कर्तव्यच आहे. परंतु त्याचा भार कोणावर पडला? म्हातारा बैल विकून त्यात चार पैसे घालून नवा घेणाऱ्या गरीब शेतकऱ्यावर, खाटकावर, चामडे कमावणाऱ्यावर. येथे आम्हांस दुसरी कसोटी मिळते. त्यागाची किंमत कोण देतो? ज्याने स्वतः किंमत दिली तो त्याग. दुसऱ्यास द्यावयास लाविली ती जुलूम. त्या तरुणाने स्वतःच्या ताटातले सोडले होते. आजीच्या ताटाकडे त्याने बोटही केले नव्हते.

दुसरा कोणी म्हणेल, "एकट्याने एक वाटी कालवण सोडले तर आभाळ थंड होणार काय?" होणार नाही. पण खरे बोलणारा मनुष्यही जगातील खोटे संपेल म्हणून खरे बोलत नाही. आपल्याकडून भावाची हानी होऊ नये म्हणून बोलतो. पौलाने ज्या भावासाठी मांस सोडण्याची तयारी दाखविली, तो आज कोण? आमच्या मते तो अजून जन्मास न आलेला बालकही आहे, ज्याच्या वाट्यास अधिक तापलेली जमीन व बेभरवशाचा पाऊस येईल. त्याने आपल्या ताटात कधी काही मागितले नाही. म्हणून त्याची आठवण आपणच ठेवली पाहिजे.

यावरून आमच्या मंडळ्यांस आम्ही इतकेच सुचवितो. जेथे आजारी, गरोदर, अशक्त किंवा गरीब आहेत, तेथे दूध, अंडे, मासळी प्रथम त्यांच्या ताटात पडावी. ज्यांस पुरेसे मिळते त्यांनी मांस पुन्हा सणावाराचे करावे, व रोजच्या जेवणात हुलगे, मटकी, वाल, नाचणी, वरई आणि पावसाळ्यातील भारंगी, कुरडू, टाकळा यांस मान द्यावा. हे आपल्या आजीच्या चुलीचेच अन्न आहे, परक्याचे नव्हे. प्रीतिभोजनात न खाणाऱ्यासाठी पिठल्याचे पातेले मागाहून शोधावे लागू नये. ते कालवणाच्या शेजारीच, त्याच पंगतीत असावे. आणि जो सोडील, त्याने उपदेश करू नये. सोडून गप्प राहावे.

उपदेशक बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. तो तरुण चुकला नाही. चुकलो आम्ही, जे हसलो. पुढे एका भेटीत आम्ही त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "साहेब, तुमचं काही नाही, पण आजीला वाईट वाटलं, ते मला लागलं." मग त्याने केले ते असे. सुट्टीस गावी आला म्हणजे तो आजीजवळ चुलीशी बसतो व तिच्या हातचे हुलग्याचे माडगे मागून घेतो. म्हातारी अजूनही त्याच्याकडे पाहून डोके हलविते. पण वाढते तीच, आणि त्याच्या शेजारी बसूनच जेवते.