वकिलाचा पक्ष, कुळांचा प्रश्न

15 ऑगस्ट 1936 रोजी डॉ. भीमराव आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्षाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. 1935 च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळणार होती आणि मुंबई इलाख्याच्या नव्या विधानसभेसाठी 1937 च्या आरंभी मतदान व्हायचे होते. हा पक्ष त्याच निवडणुकीसाठी उभा राहिला. तो व्यवहारात प्रांतिकच होता. त्याचे कार्यक्षेत्र मुख्यतः मुंबई इलाखा होते आणि त्याच्या मागण्या इलाख्याच्या विधिमंडळात निकाली निघण्यासारख्या होत्या. पक्षाच्या घडणीवर नेत्याच्या वकिली पेशाची छाप होती. तिचे बळ आणि तिची मर्यादा, दोन्ही कोकणातल्या खोतीच्या प्रश्नात दिसतात.

आंबेडकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे अर्थशास्त्राचा अभ्यास झाल्यावर 1922 मध्ये ते ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि 1923 मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. मुंबईतले मोठे खटले सॉलिसिटरांकडून येत, आणि अस्पृश्य बॅरिस्टराकडे ते देण्यास सॉलिसिटर तयार नसत. त्यामुळे त्यांच्याकडे येणारे पक्षकार बहुतांशी गरीब असत आणि काम बरेचसे जिल्ह्यांच्या कोर्टांतले असे. 1926 मध्ये त्यांनी 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरील खटल्यात दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आदी ब्राह्मणेतर कार्यकर्त्यांची बाजू मांडून अपील जिंकले. 1927 पासून ते मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सभासद होते. 1935 मध्ये ते सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

पाण्याच्या हक्कासाठीचा महाडचा लढाही कोर्टात लढला गेला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव 1923 मध्ये कायदेमंडळात संमत झाला आणि पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. 20 मार्च 1927 ला सत्याग्रह झाला. त्यानंतर सनातन्यांनी तळे खाजगी असल्याचा दावा लावला. तो महाड आणि ठाणे येथून उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 17 मार्च 1937 रोजी त्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. आधी ठराव, मग प्रत्यक्ष कृती, शेवटी कोर्टाचा निकाल असा तो क्रम होता. जमिनीच्या प्रश्नात मात्र तो पुरेसा नव्हता. तळ्यावरचा हक्क कोर्टात सिद्ध करता येत होता. कुळाची लूट कायद्याच्याच आधाराने चालत असल्याने तिथे कायदाच बदलावा लागणार होता, आणि त्यासाठी विधिमंडळात पक्ष हवा होता.

पक्षाची दुसरी गरज पुणे कराराने निर्माण केली. 1932 च्या या कराराने राखीव जागा मिळाल्या, पण मतदारसंघ संयुक्त राहिले. राखीव जागेवरच्या उमेदवारालाही इतर जातींची मते लागत. म्हणून पक्षाच्या नावात जात न घेता मजूर हा व्यापक वर्ग घेतला गेला. जाहीरनाम्यात खोत आणि तालुकदारांपासून कुळांचे संरक्षण, शेतकऱ्यांसाठी भूतारण बँका आणि सहकारी संस्था, तसेच सरकारी पुढाकाराने उद्योगधंदे या मागण्या होत्या.

कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात या कार्यक्रमाला जमीन तयार होती. वडखळ नाक्यावरून अलिबागकडे वळणारा रस्ता धरमतरची खाडी ओलांडून पोयनाडच्या परिसरात जातो. पेण-अलिबागचा हा भाग म्हणजे खारेपाट. खाडीचे पाणी बांधाने अडवायचे, उघाडीवाटे पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, भरतीने बांधाला खांड पडली की ती बुजवायची आणि मग भात पिकवायचे. राबणारे बहुतेक आगरी कूळ होते आणि जमीन सावकार-जमीनदारांच्या नावावर होती. पोयनाडजवळच्या चरी येथे 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन न कसण्याचा निर्धार केला. हा संप 1939 पर्यंत टिकला. पिकाविना राहिलेल्या कुळांनी मासेमारी आणि लाकूडफाट्यावर दिवस काढले. संप चालू असतानाच आंबेडकर चरीला आले. 1937 मध्ये नारायण नागूंनी 'कृषीवल' हे पत्र सुरू केले.

जिल्ह्याच्या इतर भागांत आणि रत्नागिरीत प्रश्न खोतीचा होता. खोत गावाचा सारा वसूल करून सरकारात भरत असे आणि त्या बदल्यात कुळांवर त्याचे अधिकार चालत. 1880 च्या खोती कायद्याने या अधिकारांना लेखी चौकट दिली होती, पण वाढीव खंड आणि वेठ थांबली नव्हती.

निवडणुकीत पक्षाने 17 उमेदवार दिले आणि 14 निवडून आले. राखीव 13 जागांपैकी 11 आणि सर्वसाधारण 4 पैकी 3 जागा मिळाल्या. आंबेडकर मुंबई शहरातून उभे होते. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध नामांकित क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांना उतरवले होते. आंबेडकरांना 13,245 आणि बाळूंना 11,225 मते पडली. मुंबईत मतदाराला जागांइतकी मते असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. एकजुटीने मतदान करणाऱ्या गटाला ही पद्धत सोयीची होती. पक्षाच्या आमदारांत महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकर यांच्यासारखे सवर्ण कार्यकर्तेही होते. टिपणीस आणि चित्रे दोघेही महाडच्या लढ्यातले सहकारी होते.

17 सप्टेंबर 1937 रोजी विधिमंडळाच्या पुण्यातील अधिवेशनात आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताचे हक्क काढून त्याला वाजवी भरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष कसणाऱ्या कुळाला जमीन महसूल कायद्याप्रमाणे कब्जेदाराचा दर्जा द्यावा, हा त्याचा गाभा होता. या मांडणीत वकिली शिस्त स्पष्ट दिसते. खोताविरुद्धची तक्रार ठरावीक कलमांत बसवली होती, आणि भरपाई देऊ केल्याने मालमत्ता हिरावली जाते हा आक्षेपही आधीच निकालात काढला होता.

पण 175 जणांच्या सभागृहात 14 आमदारांचे विधेयक सत्ताधाऱ्यांच्या मर्जीविना पुढे सरकणार नव्हते. सत्ता सर्वाधिक जागा मिळवलेल्या काँग्रेसकडे होती आणि तिचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर स्वतः सॉलिसिटर होते. तेव्हा पक्षाने सभागृहाबाहेर जोर लावला. 10 जानेवारी 1938 रोजी सुमारे 20 हजार शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आले. कोकणातले बरेच जण बोटींनी आले होते. आंबेडकर, परुळेकर, चित्रे आणि किसान नेते इंदुलाल याज्ञिक यांचे शिष्टमंडळ खेरांना भेटले. खोती हटवणे, वेठ बंद करणे आणि कुळांना संरक्षण देणे या मागण्या मांडल्या गेल्या. तरीही विधेयक संमत झाले नाही. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात पक्ष कम्युनिस्टांसह उतरला, पण ते विधेयक बहुमताने संमत झालेच.

पक्षाचे बळ इतक्यावर थांबण्याची कारणे त्याच्या घडणीतच होती. महार समाजाबाहेर त्याचा पाया पातळ राहिला. आगरी-कुणबी कूळ मोर्चात येत असले तरी गावोगावी पक्षाची कायम शाखा नव्हती. काम नेत्याभोवती आणि कोकणातल्या मोजक्या कार्यकर्त्यांभोवती फिरत होते. पुढे महायुद्ध आणि घटनात्मक वाटाघाटी सुरू झाल्यावर अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व हा प्रश्न वरचढ ठरला. जुलै 1942 मध्ये नागपूरच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले आणि मजूर पक्ष मागे पडला.

विधेयकातला विषय मात्र पुढे गेला. 1939 च्या मुंबई कूळ कायद्याने संरक्षित कुळाची संकल्पना आणली. 1948 च्या कूळकायद्याने ती रुंदावली आणि 1949 च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने खोती संपवली. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. कुळांचे राजकारण कुलाब्यात शेतकरी कामगार पक्षाने चालवले. वकील शंकरराव मोरे हे त्याचे पहिले सरचिटणीस होते. पुढे जासईचे वकील दि. बा. पाटील पनवेलमधून आमदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते आणि 1977 मध्ये कुलाब्याचे खासदार झाले. स्वतंत्र मजूर पक्षाकडे जे नव्हते, ते या पक्षाकडे होते: गावागावांत घट्ट रुजलेली संघटना. कलम लिहिणे वकिलाला येते. ते संमत करून घ्यायला मतदारांचे असे जाळे लागते, आणि 1938 च्या मोर्चातली गर्दी दोन निवडणुकांच्या मधल्या काळात त्याची जागा घेऊ शकली नाही.