‘जर-तर’चा राजदूत



आपल्या वस्तीत चार शिकलेली माणसे रात्री एकत्र बसली, की एक प्रश्न हमखास निघतो. बाबासाहेबांना परराष्ट्रमंत्री केले असते तर? भारताचे राजदूत म्हणून ते जगापुढे उभे राहिले असते तर? मग बोलता बोलता एक निराळाच इतिहास उभा राहतो. त्यात चीनशी युद्ध होत नाही, काश्मीरचा तंटा मिटतो, साऱ्या जगात आपला दबदबा असतो. ऐकणाऱ्याची छाती फुगते. सकाळ झाली की जो तो आपापल्या कामाला लागतो. अशा कल्पनेने माणूस शहाणा होतो की नुसता सुखावतो, हा प्रश्न आज आपण स्वतःला विचारला पाहिजे.

ही कल्पना निराधार आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. पुढे ते स्वतंत्र भारताचे कायदामंत्री झाले. १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तेव्हाचे त्यांचे निवेदन प्रत्येकाने वाचावे. परराष्ट्र व्यवहार समितीत किंवा संरक्षण समितीत आपल्याला कधी घेतले नाही, हे त्यांनी तिथे स्पष्ट नोंदविले आहे. देशाच्या ३५० कोटींच्या वार्षिक उत्पन्नातले १८० कोटी सैन्यावर खर्च होतात आणि याचे मूळ आपल्या परराष्ट्र धोरणात आहे, असा हिशेबही त्यांनी मांडला. १९५४ साली भारत-चीन यांचा ‘पंचशील’ करार झाला. त्याच वर्षी राज्यसभेत ते म्हणाले, की पंचशील हा बौद्ध धम्माचा भाग आहे आणि माओंचा त्यावर थोडाही विश्वास असता, तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती. आठ वर्षांनी, १९६२ मध्ये, युद्ध झाले. म्हणजे ज्याला त्या खोलीत बसू दिले नाही, त्याला बाहेरूनही बरेच दिसत होते.

परंतु ‘जर-तर’ दोन प्रकारचे असतात. आमच्या वडखळच्या खारेपाटातले उदाहरण घ्या. भरतीच्या पाण्याने बांधाला खांड पडते, खारे पाणी भातशेतीत शिरते आणि जमीन नापीक होते. एक शेतकरी ओटीवर बसून म्हणतो, “बांध फुटला नसता तर यंदा किती भात झाला असता!” दुसरा बांधावर जातो, खांड कुठे पडली, माती कुठे खचली, कोणी दुर्लक्ष केले, हे पाहतो. ‘असते तर’ हे शब्द दोघांच्याही तोंडी आहेत. पण पहिल्याने केवळ उसासा टाकला, दुसऱ्याने कारण शोधले.

भगवान बुद्धांची शिकवण दुसऱ्याच्या बाजूची आहे. कारण असेल तर कार्य घडते, कारण दूर केले तर कार्य थांबते. आपण नशीब सोडले, नवस सोडले. पण “तसे घडले असते तर आज आपले दिवस निराळे असते” एवढेच म्हणत बसलो, तर नशीबच मागच्या दाराने घरात घेतले असे होईल. कपाळावरच्या रेषेऐवजी गेलेल्या संधीला दोष देणे, एवढाच काय तो फरक!

आता कल्पनेतला राजदूत बाजूला ठेवू आणि खरा पाहू. के. आर. नारायणन केरळातल्या उळवूर गावी, अस्पृश्य मानलेल्या गरीब कुटुंबात जन्मले. मैलोगणती चालत ते शाळेत जात. फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभे राहून त्यांनी धडे ऐकले. टाटांच्या शिष्यवृत्तीमुळे ते लंडनला शिकू शकले. तिथले प्राध्यापक लास्की यांनी नेहरूंच्या नावे पत्र दिले आणि १९४९ साली नारायणन परराष्ट्र सेवेत आले. १९६२ च्या युद्धानंतर चीनमध्ये बरीच वर्षे आपला राजदूत नव्हता. १९७६ मध्ये तिथे जो पहिला राजदूत गेला, तो वर्गाबाहेर उभा राहिलेला हाच मुलगा. १९९७ साली ते राष्ट्रपती झाले.

त्यांच्याबाबतीतही ‘जर’ विचारून पाहा. शिष्यवृत्ती मिळाली नसती तर? ते पत्र नसते तर? बुद्धी तीच राहिली असती, पण आपल्याला त्यांचे नावही कळले नसते. तेव्हा असा प्रश्न पडतो, की आपल्या गावागावांतून किती नारायणन दाराबाहेरच राहिले असतील? आणि आज आपल्या शेजारच्या मुलीची फी थकली असेल, तर तिच्या बाबतीतले ‘कारण’ कोण होणार?

बाबासाहेबांनी स्वतः हाच मार्ग दाखविला. समितीत जागा मिळाली नाही म्हणून ते थांबले नाहीत. १९५० मध्ये सिलोन, १९५४ मध्ये रंगून, १९५६ मध्ये काठमांडू, अशा जागतिक बौद्ध परिषदांना ते गेले. कोणत्याही सरकारचे नेमणूकपत्र हाती नसताना त्यांनी आपले नाते शेजारी देशांतल्या बौद्धांशी जोडले.

म्हणून ‘जर-तर’ जरूर बोला; मुलांपुढेही बोला. मात्र तो मागे वळून संपवू नका, पुढे न्या. “असे झाले असते तर” याच्या जागी “आपण हे केले तर” असे म्हणायला शिका. प्रत्येक कुटुंबाने एका मुलाचे, मग ते आपले असो वा दुसऱ्याचे, शिक्षण थांबू द्यायचे नाही, एवढे ठरविले तरी पुरे. कल्पनेतल्या राजदूताला नेमणूक लागत नाही. खऱ्याला मात्र वही लागते, फी लागते आणि त्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणीतरी लागते.